खाडी आमची, होडी आमची, मग परवानापण आमच्याच नावावर द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली दर थोड्या दिवसांनी कोकणातल्या पर्यटनाची बातमी असते. कधी निवती रॉकजवळ पाणबुडीतून समुद्र दाखवणार, कधी नौदलातून २०२४ ला निवृत्त झालेली गुलदार बोट पाण्याखाली म्युझियम म्हणून ठेवणार, कधी किनाऱ्यावर आणखी काय काय उभं राहणार त्याची यादी. मी सगळं वाचते. पण ज्याच्या दारासमोर हे होणार तो मच्छिमार त्या बातमीत कुठे नसतो, असलाच तर फोटोत मागे जाळं ओढताना दिसतो. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण मधला कागदपत्रांचा आणि परवान्याचा भाग तेवढा कापू नका.

मी वेंगुर्ला तालुक्यातली. जन्म गाबितांच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छिमार समाजाच्या घरातला आणि लग्न होऊन आले तेही रापणकरांच्याच घरात. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, आमचा वाटा आहे, नवरा आणि दीर जातात. मी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, जेवण माझ्या हातचं. म्हणजे मासेमारी आणि पर्यटन दोन्ही आमच्या एकाच चुलीवर शिजतं, त्यामुळे मी पर्यटनाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. मला पाहुणे हवेत. फक्त ते कोणाच्या होडीत बसतात आणि त्यांचा पैसा शेवटी कोणाच्या घरात जातो ह्याबद्दल मला बोलायचंय.

वेंगुर्ल्यात मांडवीची खाडी आहे. तिथे २०१७ पासून स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं होडीतून दाखवतात. मासेमारीवर जगणाऱ्या घरांतल्या ह्या बायका. त्या काळात सिंधुदुर्गात युएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालू होता, त्याची आणि राज्याच्या कांदळवन कक्षाची मदत मिळाली, ट्रेनिंग मिळालं, पण होडी वल्हवायची ती ह्यांनीच, माहिती सांगायची ती ह्यांनीच आणि हिशोबाची वहीपण ह्यांच्याकडेच. बाईने वल्हं हातात घेऊन परक्या माणसांना फिरवायचं म्हटल्यावर घरात आणि वाडीत काय काय बोललं गेलं असेल ते मला कोणी सांगायची गरज नाही, मी पण ह्याच किनाऱ्यावर वाढले.

मी त्या होडीत पहिल्यांदा बसले ती सकाळी, भरती चढत असताना. इंजिन नाही, त्यामुळे वल्ह्यावरून पाणी निथळण्याचा आवाज तेवढा. पाण्यावर पांढरे बारीक तंतू तरंगत होते, मला वाटलं कोणीतरी काहीतरी टाकलंय. वल्हवणारी वहिनी म्हणाली चिपीचं फूल आहे ते, रात्री उमलतं आणि सकाळी त्याचे केसर गळून पाण्यात पडतात. ही पांढरी चिपी म्हणजे २०२० ला आपल्या सरकारने राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलेलं झाड. पुढे कांदळाच्या शेंगा लोंबत होत्या, हिरव्या, शेवग्यासारख्या लांब, ती म्हणाली ही झाडावरच रुजते आणि मग खाली पडते, चिखलात सरळ रुतली तर तिथेच झाड होतं, नाहीतर पाण्याबरोबर जाते आणि दुसरीकडे लागते. मुळांना कालवं चिकटलेली, चिखलात एकाच मोठ्या लाल नांगीचे बारके खेकडे, आणि एक खंड्या आमच्या पुढे पुढे एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर. चाळीस वर्षं त्या खाडीजवळून ये-जा केली मी, पण चिपी आणि कांदळ वेगळे ओळखायला त्या दिवशी शिकले.

आता ह्याचा मासेमारीशी संबंध काय, तर सरळ आहे. आधी कांदळ म्हणजे आमच्याकडे फाटी. चुलीला जळाव लागलं की कोयता घेऊन जायचं आणि तोडून आणायचं, आणि कायद्याने बंदी आहे हे माहीत असूनही लोक तोडायचे कारण त्या झाडाचा घराला दुसरा काही उपयोगच दिसत नव्हता. सुंगटांची (कोळंबीची), कुर्ल्यांची (खेकड्यांची), कितीतरी माशांची पिल्लं ह्याच मुळांत वाढतात हे भाषणात ऐकलेलं, पण भाषणाने चूल पेटत नाही. आज त्या खाडीत कोणी फांदीला हात लावला तर त्या बायका पुढे होऊन विचारतील, कारण ते झाड उभं आहे म्हणून त्यांच्याकडे पाहुणा येतो. सरकारने १९८७ ला मालवणला सागरी अभयारण्य जाहीर केलं, तेव्हापासून तिथले मच्छिमार धास्तीत आहेत की आपली मासेमारी बंद होणार, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही, कारण त्यांना विचारून काही केलंच नव्हतं. दोन्ही ठिकाणी हेतू निसर्ग राखायचाच. पण एकीकडे बोर्ड लावला आणि दुसरीकडे वल्हं हातात दिलं, एवढ्याने किती फरक पडतो बघा.

माझ्या घरचं सांगते. मागच्या डिसेंबरात पुण्याचं एक कुटुंब आलं, आईवडील, दोन मुलं, एक आजी, तीन रात्री राहिले. बांगडे आमच्याच रापणीचे. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, शेजारच्या काकींनी ओहोटीला खाडीत बसून काढलेल्या, त्यांना रोख पैसे त्याच दिवशी. नारळ वाडीतले, सोलं माझ्या माहेरची, रिक्षा पुतण्याच्या मित्राची, खाडीतली फेरी बचत गटाच्या होडीतून. आजींना घावणे आवडले म्हणून त्यांनी जाताना तांदळाचं पीठ मागितलं ते समोरच्या घरातून दिलं. मी हिशोब केला तर माझ्या खोलीचे पैसे सोडून सहा घरांत थोडे थोडे पैसे गेले होते. आणि मोठ्या हॉटेलांत काय होतं ते पण आम्ही बघतो, मासे बर्फाच्या पेटीतून ट्रकने येतात, पापलेट आणि सुरमईशिवाय मेनूकार्डावर काही नसतं, आणि गावाच्या वाट्याला झाडूपोछाच्या दोन नोकऱ्या येतात.

तारलीची गोष्ट सांगायलाच हवी. मी त्या आजींना तारली वाढणार होते तेव्हा माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पावण्यांका तारली वाढतलंस काय गो? काटे टोचतले तेंच्या घशात." आमच्याकडे तारली म्हणजे गरिबाचा मासा, पाहुण्यांपुढे ठेवायची लाज. मी तरी वाढली, तिरफळं घालून केलेली, आणि धाकट्या मुलाला काटे कसे काढायचे ते सासूबाईंनीच शेवटी शेजारी बसून शिकवलं. त्या मुलाने चार खाल्ल्या. सगळे पर्यटक फक्त सुरमईच मागणार असतील तर समुद्रातली सुरमई संपेल आणि तारलीला भावच मिळणार नाही. पण घरात बसून जेवणारा पाहुणा त्या दिवशी जे मिळालं ते खातो. असा पाहुणा मच्छिमाराला परवडतो.

आता कागदपत्रांचं. निवास न्याहारी योजनेत नोंदणी करायची म्हणून मी अर्ज केला. घराचे कागद मागितले. घर चार पिढ्यांचं आहे, घरपट्टी आम्ही भरतो, लाईटबिल आमच्या नावावर, पण घराखालची जमीन आमच्या नावावर नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी गाबितांची हीच कथा आहे, बापजाद्यांनी समुद्राजवळ झोपडी घातली आणि सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच राहिलं. अर्ज तीनदा परत आला. दर वेळी नवीन कागद सांगितला, एकदा तर जो कागद आधीच जोडलेला तोच परत मागितला, आणि वेंगुर्ल्याची प्रत्येक फेरी म्हणजे त्या दिवशीचं काम बुडणार. आणि ह्याच काळात आमच्या शेजारच्या गावात बाहेरच्या माणसाने जमीन घेऊन बारा खोल्या बांधल्या, त्याच्याकडे कागद आहेत ना, त्याचं सगळं झालं. केंद्राच्या २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांच्या, अधिसूचनेत मच्छिमारांसारख्या स्थानिक लोकांना त्यांच्या आहे त्या घरात, जोतं आणि घराचा दर्शनी भाग न बदलता होमस्टे करायला मुभा दिलेली आहे. म्हणजे कायदा आम्हाला हो म्हणतो आणि खिडकीवरचा माणूस नाही म्हणतो. नोंदणी नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बाथरूम नीट नाही, बाथरूम नीट नाही म्हणून पाहुणा एका रात्रीत जातो. ग्रामपंचायतीचा आणि मच्छिमार सोसायटीचा दाखला ह्या कामासाठी पुरेसा धरा, एवढंच मागणं आहे. जमीन नावावर करा ही मागणी वेगळी आहे आणि ती जुनी आहे, तीपण करा, पण तोपर्यंत आमचं सगळं अडवून ठेवू नका.

रापणीबद्दल लिहिते कारण सगळ्यात जास्त तिथेच दुखतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे किनाऱ्यावरूनच ओढायचं लांब जाळं. होडी अर्धा गोल घेत जाळं टाकत जाते, दोन्ही बाजूच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि मग वाडीतली पन्नास साठ माणसं दोन तीन तास ओढतात. जे मिळतं त्याचे वाटे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, आणि वाटेत कोणी म्हाताऱ्याने येऊन दोरीला हात लावला तरी त्याला मासे दिल्याशिवाय पाठवत नाहीत. पाहुणे पण ओढतात. त्या पुण्याच्या वडिलांच्या हाताला फोड आले पण त्यांनी सोडली नाही दोरी, शेवटी जाळं जवळ आलं आणि पेडवे उसळायला लागले तेव्हा ते पाण्यात कमरेपर्यंत जाऊन उभे, आणि तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, त्यांच्या वाट्याचे मासे त्यांच्याच टोपीत घातले.

आता हीच रापण जिथे लागते तिथे सरळ किनारा आणि वाळूचा तळ लागतो, खडक चालत नाही. जेट स्की आणि बनाना राईडलापण तसाच किनारा लागतो. पर्यटक कधी येतात, दिवाळी, नाताळ, मे महिना. दिवाळी नाताळ म्हणजे रापणीचापण हंगाम. मागच्या नाताळात सकाळी आमच्या लोकांनी जाळं टाकलं आणि मधूनच स्पीडबोट गेली, मासे तर आवाजाने गेलेच पण जाळ्याची वरची दोरी कापली. दिवस गेला, जाळं शिवायला पुढचे दोन दिवस गेले, आणि बोटवाला म्हणाला तुमचं जाळं मला दिसलं नाही. तो खोटं बोलत असेल असं नाही, तो इथला नाहीच, त्याला काय माहीत बोये, म्हणजे जाळ्याचे तरंगणारे गोळे, कुठे असतात. इथला मुलगा ती बोट चालवत असता तर गेला नसता, कारण त्या जाळ्यात त्याच्या बापाचा वाटा असतो. म्हणून आमचं म्हणणं आहे की कुठल्या किनाऱ्यावर कुठे रापण लागते ते नकाशावर आखा, रापणसंघाला विचारून आखा, आणि तो पट्टा सकाळच्या वेळी मोकळा ठेवा. वॉटर स्पोर्ट्सचा परवाना देताना रापणसंघाची सही बंधनकारक करा.

अजून एक गोष्ट जी भाषणात कोणी सांगत नाही. "मासेमारी बंद असेल तेव्हा पर्यटनातून उत्पन्न मिळेल" असं म्हणतात. इंजिनबोटींची मासेमारी बंद कधी असते, १ जून ते ३१ जुलै. आणि पाण्यातलं पर्यटन कधी बंद असतं, तर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत, मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कुबा बंद. म्हणजे ज्या महिन्यांत घरात पैसा नसतो त्याच महिन्यांत पर्यटनपण बंद. पावसाळ्यात चालेल असं काहीतरी हवं, आणि ते आमच्याकडे आहे. जाळी विणायचं काम घराघरात ह्याच दिवसांत चालतं, पाहुण्याला बसून शिकता येईल. सुकं, कोकम, आगळ, रानभाज्या, पावसातली खाडी लांबून बघणं, नारळी पौर्णिमेचा नारळ. जुलैत माझ्याकडे एक निवृत्त बाई आठवडाभर राहिल्या, रोज ओट्यावर बसून दिरांबरोबर जाळं विणायच्या. असे लोक आहेत, पण पावसाळ्यातलं कोकण म्हणजे जाहिरातीत नेहमी धबधबाच दाखवतात.

वेळासचं उदाहरण सगळे देतात ते बरोबरच आहे. मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आधी अंडी चोरली जायची, कोल्हे कुत्रे खायचे. २००६ पासून कासव महोत्सव, आणि गावातल्या लोकांनी आपल्याच घरात पाहुणे ठेवले, साधं घरचं जेवण. मला त्यातलं आवडतं ते हे की तिथे गावाने घरं तशीच ठेवली, लॉज झाले नाहीत. पण तिथेसुद्धा पिल्लं बाहेर आली नाहीत त्या दिवशी काही पर्यटक वैतागतात असं ऐकते. अंड्यातून पिल्लू यायला पन्नास एक दिवस लागतात आणि ते कोणाचा शनिवार रविवार बघून येत नाही. पाहुण्यांनी थोडा धीर धरायला शिकलं पाहिजे, आमच्याकडेपण, एखाद्या दिवशी रापणीत नुसतं शेवाळ येतं.

सुरक्षेबद्दल मी आमच्या लोकांनापण बोलणार आहे. मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्यानंतर कडक तपासणी व्हायलाच पाहिजे होती. लाईफ जॅकेट "आम्हाला पोहता येतं" म्हणून बाजूला ठेवायचं नाही, होडीत ठरल्यापेक्षा एक माणूस जास्त घ्यायचा नाही, समोरचा कितीही पैसे देत असला तरी. किल्ल्याजवळच्या प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, ते मेलं की स्कुबालापण दाखवायला काही राहणार नाही. पण तपासणी कडक आणि परवाना सोपा ह्या दोन गोष्टी एकत्र होऊ शकतात. आज मासेमारीची नोंदणी असलेल्या होडीत पाहुणे नेता येत नाहीत, त्याला बंदर खात्याचा वेगळा परवाना, विमा, वेगळी तपासणी. ते योग्यच आहे, पण चार माणसांच्या वल्ह्याच्या होडीला आणि पन्नास माणसांच्या इंजिनबोटीला एकच मोजपट्टी लावली की छोटा माणूस दमून सोडून देतो, नाहीतर चोरून करतो, आणि चोरून केलं की विमा नाही. खाडीत वल्हवायच्या छोट्या होड्यांसाठी वेगळा साधा परवाना करा, महिन्यातून एकदा अधिकाऱ्याने बंदरावर येऊन तिथेच तपासून तिथेच कागद द्यावा, आणि बचत गटांचा विमा एकत्र काढून द्यावा.

गोवा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आमच्या कितीतरी मुली तिथे कामाला जातात. तिथे शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांचे, परवाने स्थानिकांनाच द्यायचे असा नियम, तरी पोटभाड्याने बाहेरच्यांकडे जातात ही ओरड दर वर्षी ऐकू येते. म्हणजे नुसतं नाव स्थानिकाचं असून भागत नाही. परवाना एकट्या माणसाला न देता गटाला किंवा सोसायटीला द्या, म्हणजे एकाला विकता येणार नाही. केरळात कोचीजवळचं कुंबळंगी हे मच्छिमारांचं गाव २००३ च्या सुमारास आदर्श पर्यटन गाव म्हणून पुढे आणलं, तिथे पाहुण्यांना काथ्या वळणं, खेकडे, चिनी जाळी हे गावातलंच दाखवतात. आमच्याकडे दाखवायला त्याहून कमी नाही.

आणि शेवटी मासाच नसेल तर हे सगळं कशाला. पर्ससीनवाल्यांसाठी, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या इंजिनबोटींसाठी, ५ फेब्रुवारी २०१६ ची अधिसूचना आहे, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत आणि ठरलेली हद्द. एलईडी लाईट लावून मासेमारीला केंद्राने २०१७ ला बंदी घातली. तरी रात्री आमच्या किनाऱ्यावरून समोर बघा, लांबवर उजेड दिसतो, आणि पाहुणे विचारतात ते शहर कुठलं. मी त्यांना खरं ते सांगते. पारंपरिक मच्छिमाराला पर्यटन द्यायचं आणि त्याच्या बदल्यात समुद्र दुसऱ्याला द्यायचा असा सौदा कोणाच्या मनात असेल तर तो आम्हाला मान्य नाही. माझी मुलगी पाहुण्यांना इंग्लिशमध्ये रापण समजावून सांगते त्याचा मला अभिमान आहे, पण ती हे सांगू शकते कारण रापण अजून चालू आहे.

एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. २०२० पासून आपल्याकडे कृषी पर्यटनाचं धोरण आहे. मग शेतकऱ्याच्या घरी पाहुणा राहिला तर जी सवलत आणि मदत मिळते ती रापणकराच्या घरी पाहुणा राहिला तरी मिळायला हवी, त्यासाठी नवीन योजना आणि नवीन समिती कशाला, एक परिपत्रक काढलं तरी होईल. आमच्या पालकमंत्र्यांनी आणि पर्यटन खात्याने ह्याचं उत्तर तुमच्याच पेपरातून दिलं तर आमच्या वाडीत ते मोठ्याने वाचलं जाईल. माझा चौथा अर्ज पुढच्या सोमवारी देणार आहे, ह्या वेळी बरोबर वाडीतल्या आणखी सात बायका येणार आहेत, त्यांचेपण अर्ज तयार आहेत.

आपली नम्र,
रापणकर कुटुंबातली एक वाचक, वेंगुर्ला तालुका, जि. सिंधुदुर्ग